दुधाचा दिवस

१२ जानेवारी, सोमवार

सुरू झाल्या! शेवटच्या चाचण्या. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला कप एका पाच वर्षांच्या मुलीच्या पोटात गेला आणि बाईसाहेब म्हणाल्या, "अजून आहे?" — अजून आहे म्हणे! दीड वर्षापूर्वी हिच्या गालाला कुणाचं दुधाचं बोट लागलं तरी गाल टम्म फुगायचा.

नऊ वर्षं या कपाची वाट पाहिली. आज मी जमिनीवर नाही.

सकाळी आईबापांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं, तेच दिवसभर डोक्यात घुमतंय, म्हणून इथेही उतरवते. एकशेपंधरा मुलं. सगळ्यांना दुधाची ॲलर्जी. दीड वर्ष रोज एक पुडी. निम्म्यांच्या पुडीत ओटच्या पिठात कणभर दूध-पावडर, दर पंधरा दिवसांनी थोडी वाढवलेली. उरलेल्यांच्या पुडीत नुसतं ओटचं पीठ — फसवी पुडी. कुणाला कुठली, ते ना मुलांना माहीत, ना आईबापांना, ना मला. आता परीक्षा. प्रत्येक मूल दोनदा येणार, मध्ये तीन आठवडे. एका दिवशी सात कपांत चढत्या मापाने खरं दूध, एका दिवशी सातही कप बिनदुधाचे. दोन्हीत कोको आणि केळं, रंग एक, चव एक. दुधाचा दिवस कुठला, हे फक्त दोघांना ठाऊक — कप बनवणाऱ्या काकूंना आणि आकडे सांभाळणाऱ्या आमच्या आकडेबुवांना.

"एवढी लपवाछपवी कशाला हो?" एका बाबांनी विचारलं. कारण भीतीनेही पुरळ येतं! भीतीनेही पोट दुखतं. आणि आज दूध आहे हे मला आधी कळलं, तर मुलाच्या मानेवर नसलेला लाल डागही मला दिसेल. डॉक्टरच्या डोळ्यांवर पट्टी हवीच.

मोठ्या ऐटीत सांगितलं.

१३ जानेवारी

सगळे विचारतात, हाच विषय का घेतलात? मी सांगते — लेकीसाठी. लपवायचं काय त्यात?

ती सहा वर्षांची होती. मैत्रिणीचा वाढदिवस. कुणाच्या तरी आइस्क्रीमचा चमचा हिच्या फळांच्या वाटीत गेला. बस, तेवढंच. मी तेव्हा त्वचारोगांची डॉक्टर, दुसऱ्यांची खाज आणि खरूज बघणारी. रुग्णवाहिकेत सगळ्यांचे हात तिच्या तोंडाशी, छातीशी. मला धरायला तिचा एक पाय तेवढा उरला होता. तो धरून बसले. पुढच्याच सोमवारी ॲलर्जी विभागाच्या सरांच्या दारात जाऊन उभी राहिले — मला या विभागात घ्या.

आता राणीसरकार पंधराच्या आहेत. चाचणीत बारापर्यंतचीच मुलं, म्हणून तिला घेता आलं नाही. त्या नियमावरून मी दोन महिने धुमसत होते. नियम योग्य होता, तरी धुमसत होते.

घरात दुधाचा थेंब नाही. आम्ही तिघं काळा चहा पितो. नवरा भूगोलाचा मास्तर. म्हणतो, पांढरा चहा हा पदार्थ आता मी नकाशातच बघतो. जेवताना लेकीला पहिल्या कपाची गोष्ट रंगवून सांगितली. "छान," म्हणाली, आणि विचारलं, "माझे पळायचे बूट कुणी हलवले?" आतून किती हरखली असेल! दाखवत नाही. वरून थंड राहायचं, ते बापाचं उचललंय तिने.

१६ जानेवारी

काकूंबद्दल लिहायलाच हवं. बावीस वर्षं बेकरीत काढलेली बाई. स्वयंपाकघराला एक खिडकी आहे, त्यातून ट्रे बाहेर येतो, दोघींपैकी एखादी सिस्टर तो उचलते. आत कुणाला प्रवेश नाही, मलाही नाही. यादी त्यांच्या ॲप्रनच्या आतल्या खिशात. चेहरा? दगड बरा.

आज मुद्दाम छेडलं, "काकू, आज काय विशेष?"

"कोको."

"अजून?"

"केळं."

खिडकी बंद! या बाईपुढे भलेभले गुप्तहेर पाणी भरतील. डिसेंबरात मी स्वतः पन्नास कप चाखले होते, डोळे मिटून, नाक उघडं ठेवून. दुधाचा कुठला, एकदाही ओळखता आलं नाही. काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झालं का तुमचं पोट भरून?"

२१ जानेवारी

वाघोबा आले! वय वर्षं सहा. प्रत्येक कपाआधी डरकाळी फोडतो, मग एका घोटात कप रिकामा. शेजारच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं. वाघोबाचे बाबा दर डरकाळीला "सॉरी हं" म्हणत होते. ते मला म्हणाले, "शाळेत याला वेगळ्या टेबलावर बसवतात जेवायला. एकट्याला. तिथे बसून डरकाळ्या फोडतो, म्हणजे मुलं लांबून तरी बघतात." हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

सातही कप गेले. काही झालं नाही. पण कान लाल, नजर चुकवणारी — नुसती भीती. हा फसव्या पुडीवाला आणि आज बिनदुधाचा दिवस, पैजेवर सांगते. मला चेहऱ्यावरून कळतं. इतकी वर्षं मुलांचे चेहरे बघतेय, कळणार नाही तर काय!

थोरली सिस्टर म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कळू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे ना?"

आगाऊ.

२३ जानेवारी

सहापैकी सहा मुलं सातव्या कपापर्यंत! सहापैकी सहा! जिन्यावर कुणी नाही बघून दोन-दोन पायऱ्या उडी मारत उतरले. कुणी नव्हतं असं वाटलं होतं. सर होते.

२७ जानेवारी

हे लिहू की नको. लिहिते.

काकू ट्रे बाहेर सरकवतात तेव्हा काही वेळा म्हणतात, "सावकाश हं." काही वेळा काहीच बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात माझ्या कानाने ते टिपलं आणि मग कान तिकडेच लागून राहिले. आज चहाच्या सुट्टीत माझी टिपणं काढून बसले. ज्या ज्या ट्रेला "सावकाश" ऐकल्याचं आठवतंय — एकाला तिसऱ्या कपाला पुरळ, एकीला उलटी, एकाचे ओठ सुजले. जिथे काकू गप्प, तिथे मुलं टुणटुणीत.

म्हणजे "सावकाश" म्हटलं की दूध.

त्यांना स्वतःलाही कळत नसेल. माया आहे बाईच्या पोटात, दगडाच्या आत. खरं दूध पोरांच्या पोटात जाणार म्हटल्यावर तोंडून निघून जात असेल. पण मला कळलं! माझ्या डोळ्यांवरची पट्टी गेली!

टिपणं ड्रॉवरात कोंबली.

२८ जानेवारी

आज पहिल्याच ट्रेला "सावकाश हं." आठ वर्षांची मुलगी, दोन वेण्या. तिसऱ्या कपानंतर तिची मान मला लालसर वाटली. चाचणी थांबवली.

लाल होती का? खरंच होती? "सावकाश" ऐकलं नसतं तर मी थांबवली असती का?

मला सांगता येत नाही. यापेक्षा वाईट काय असणार? मुलीने वेणी चावत विचारलं, "मी नापास झाले का?" मी म्हटलं, अगं, इथे कुणी नापास होत नाही. खोटं बोलले. नापास मी झाले होते.

३० जानेवारी

दोन दिवस तोंड उघडलेलं नाही. मन किती वकिली करतं! म्हणे, कुणाला कळणार आहे? म्हणे, तू काही मुद्दाम ऐकलं नाहीस. म्हणे, उद्यापासून कानात कापूस घाल.

तेरा दिवसांत अठ्ठ्याहत्तर मुलांचे ट्रे माझ्या देखरेखीखाली गेलेत. मी सांगितलं आणि समितीने ते सगळे बाद केले, तर उरतं काय? सदतीस मुलं. त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुन्हा पहिल्यापासून — नवी मुलं, नव्या पुड्या, तीन वर्षं सहज. तोवर लेक अठराची होईल, घरातून निघून जाईल. जिथे जाईल तिथे प्रत्येक चमचा मी न बघताच तिच्या तोंडात जाईल.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो प्रश्नपत्रिका तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "वर्गात एखाद्या पोराला पेपर आधी दिसला आणि त्याने तो येऊन मला सांगितला, तर मी त्याला काय करीन?"

"काय करशील?"

"मिठी मारीन. मग पेपर बदलीन."

या माणसाचा कधी कधी राग येतो इतका तो बरोबर असतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं! सरांच्या खोलीत उभ्याउभ्या. बसले असते तर उठून पळाले असते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"मग माझी झोप तरी शाबूत राहिली असती!" — आणि मग, अगदी हळू, "बरं केलंत."

दुपारी देखरेख समितीला फोन. आकडेबुवा आले. तिशीतला तरुण, पण चालतो-बोलतो साठीचा असल्यासारखा. मी त्याला कधी हसताना पाहिलेलं नाही. त्याने माझ्यापुढे कोरा तक्ता ठेवला. "मॅडम, अठ्ठ्याहत्तर ओळी आहेत. प्रत्येक मुलापुढे लिहा. त्या दिवशी दूध होतं असं तुम्हाला वाटलं, की नव्हतं. आत्ता नाही, शांतपणे. मग पाकिटात घालून लाखेने बंद. सगळ्या चाचण्या संपल्यावर उघडू."

आजपासून मी चाचणीच्या खोलीत नाही. दुसऱ्या रुग्णालयातले दोन डॉक्टर माझ्या जागी. ट्रे आता बंद दाराआड हातात पडणार. काकूंना यातलं काही सांगायचं नाही, त्यांनी जशा आहेत तशाच राहायचं.

५ फेब्रुवारी

तक्ता भरला. रिकाम्या खोलीत परीक्षेला बसल्यासारखी बसले. बहुतेक ओळी झरझर लिहिल्या. "सावकाश" जिथे आठवत होतं तिथे दूध, बाकी ठिकाणी चेहरा आठवला आणि लिहिलं. वाघोबापुढे ठणकावून — दूध नाही. वेण्यांवालीपुढे — दूध.

पाकिटावर लाख टपकताना वाटलं, नऊ वर्षं बंद होतायत आत. आकडेबुवा म्हणाला, "मॅडम, बोट काढा, भाजेल."

१२ फेब्रुवारी

बाहेर बसून राहणं किती अवघड असतं! जेवायला बसलेल्या पंगतीत फक्त मलाच ताट नाही असं वाटतं. आज वाघोबांचा दुसरा दिवस. दाराआडून डरकाळ्या मोजल्या. एक. दोन. तीन. चौथीला जरा उशीर झाला आणि मी खुर्चीतून उठले. पाच. सहा. सात!

सातवी सगळ्यांत मोठी होती. काय होतं आजच्या कपात, देव जाणे आणि काकू जाणोत.

१९ फेब्रुवारी

लेकीने आज शाळेच्या तीन किलोमीटर शर्यतीत दुसरा नंबर काढला. मी तक्त्याच्या काळजीत होते, नवराच गेला बघायला. वाईट वाटलं. तिला म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. "ठीक आहे गं," म्हणाली. समजूतदार आहे पोर.

५ मार्च

संपल्या. दोनशेतीस ट्रे. आज काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून झटकला आणि म्हणाल्या, "आता आयुष्यात केळं सोलणार नाही."

१८ मार्च

आज! आज! आज!

नीट लिहायला हवं.

सरांची खोली. समितीचे तिघं. सर. आकडेबुवा. मी कोपऱ्यात, आरोपीसारखी. पाकीट फोडलं. आकडेबुवाने माझा तक्ता आणि काकूंची यादी शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिल घेऊन ओळीने खुणा करायला लागला. बरोबर, चूक, चूक, बरोबर, चूक. अठ्ठ्याहत्तर खुणा.

"अठ्ठ्याहत्तरपैकी अडतीस बरोबर," तो म्हणाला.

मला काही कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे चाळीस चुकले." आणि मग — हे मी मरेपर्यंत विसरणार नाही — तो हसला! "नाणं उडवलं असतंत, मॅडम, तर कदाचित जास्त आले असते."

मला काहीही कळलेलं नव्हतं! एक अक्षर नाही! पट्टी डोळ्यांवर जशीच्या तशी होती, मीच उगाच ती सुटली म्हणून बोंबलत फिरत होते. आयुष्यात इतक्या चुका एका कागदावर केल्या नव्हत्या आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आम्ही यातला एकही ट्रे बाद करत नाही. उलट, डॉक्टरला किती अंधारात ठेवता येतं याचा इतका चांगला पुरावा आम्हाला कधी मिळाला नव्हता." सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त.

मग काकूंना बोलावलं. मी विचारलं, तुम्ही "सावकाश" कुणाला म्हणायचात?

"कुणाला म्हणजे? धाकट्या सिस्टरला! त्या उंच टाचा घालून येतात. सरावाच्या आठवड्यात अख्खा ट्रे आपटला होता त्यांनी. थोरल्या सिस्टर घेऊन जायच्या तेव्हा मी कशाला बोलू?"

धाकट्या सिस्टरच्या टाचा! मुलाच्या नाकावरचा टाचणीएवढा ठिपका मला दिसतो. ट्रे कुणाच्या हातात आहे ते तेरा दिवस दिसलं नाही. आणि जिथे मुलाला त्रास झाला, तेवढेच "सावकाश" माझ्या लक्षात राहिले होते.

मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा काकूंनी पदर खोचला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "माझ्या तोंडून फुटेल असं वाटलं तुम्हाला? बावीस वर्षं बेकरीत होते, डॉक्टरबाई. लग्नाचे केक केलेत. नवरीला कधी आधी कळलं नाही आत काय आहे." मी हात जोडले. खरोखरचे जोडले.

आणि ती वेण्यांवाली? तो बिनदुधाचा दिवस होता. तिचं मानेवरचं लाल भीतीचं होतं, नाहीतर माझ्या डोळ्यांतलं. पुढे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी दुधाच्या दिवशी तिला सातही कप पाजले. पास झाली पोरगी.

२० मार्च

खरा निकाल. आज गट उघडले. फळ्यावर आकडेबुवाने दोनच ओळी लिहिल्या.

दुधाची पुडी — अठ्ठावन्नपैकी चव्वेचाळीस मुलं पूर्ण पेलाभर दूध पचवतात.

फसवी पुडी — सत्तावन्नपैकी पाच.

चव्वेचाळीस! पाच! सरांनी शिट्टी मारली. दोन बोटं तोंडात घालून! विभागप्रमुख! धाकटी सिस्टर टाचांवर नाचली, कुणीतरी तिला "सावकाश" म्हणालं आणि मग आम्हाला हसण्याचा झटकाच आला.

वाघोबा दुधाच्या पुडीवाला निघाला. दीड वर्ष रोज दूध खात होता पठ्ठ्या! आणि मी पैजेवर सांगत होते. बरं झालं कुणी पैज घेतली नाही.

मी प्रसाधनगृहात जाऊन रडले. आनंदाने, मोठ्याने, नळ सोडून. बाहेर आले तर काकू हात धुवायला उभ्या. म्हणाल्या, "नळ बंद करा की, पाणी वाया जातंय."

घरी आले तर नवऱ्याने दारातच उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, कंबर धरून बसला. लेकीने मिठी मारली, घट्ट. "तू भारी आहेस, आई," म्हणाली. "किती मुलांना आता बरं वाटेल!"

किती मुलांना! स्वतःचं नाव नाही काढलं. अशी आहे माझी लेक.

९ एप्रिल

परवानगी आली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना पुड्या सुरू करायच्या. पहिली तुकडी ४ मेला. वीस मुलं.

यादीतलं पहिलं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. तिचे उपचार सर बघतील, मी आई म्हणून बाहेर. पेन सुंदर चाललं आज.

२० एप्रिल

वाघोबाचे बाबा विभागात आले. हातात पेढा-बिढा काही नाही, एक फोटो. शाळेचं मोठं लांब टेबल, बारा मुलं आणि त्यांच्या मधोमध वाघोबा, तोंड भरलेलं. "पहिला दिवस सगळ्यांबरोबर," ते म्हणाले. "मास्तरांची तक्रार आलीय. म्हणे, आता डरकाळ्याच फोडत नाही, मुलं हिरमुसली."

मी फोटो मागून घेतला. फळ्याच्या कडेला लावलाय. कुणी मला विचारलं की नऊ वर्षांत काय केलं, तर हा दाखवीन. आकडे नंतर.

२५ एप्रिल

आज अंगात वारं भरलंय. कागदावर यादी केली, लेकीने आधी काय खायचं. आइस्क्रीम. लोणी लावलेला गरम पाव. चीज. खरं चॉकलेट, दुधाचं. नंतर दुधाचा चहा, तिघांनी मिळून. नवरा म्हणाला, "मी कप आत्तापासून धुऊन ठेवतो."

२ मे

जेवताना लेकीला सगळं नीट समजावलं. पुडी रोज. घेतल्यावर दोन तास पळायचं नाही. ताप असेल तर थांबायचं. सुरुवातीला पोट दुखेल.

"रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. बहुतेक कायमच."

"हं," म्हणाली. ताट उचलून ठेवलं आणि माझंही उचललं. जरा घाबरली असेल, साहजिक आहे. परवा सगळं ठीक होईल! पुडी मी स्वतः बघून ठेवलीय, छोटीशी, पांढरी. उशीखाली ठेवावीशी वाटते.

४ मे

लेक नाही म्हणाली.

आमच्याकडे सात वर्षांच्या वरच्या प्रत्येक मुलाला, आईबापांना बाहेर काढून, विचारतात — तुला स्वतःला हवंय का? नियम मीच घालून घेतलाय, भांडून. साठ-सत्तर मुलांना मी स्वतः विचारलंय, गुडघ्यावर बसून. हिला आज सरांनी विचारलं.

दोन मिनिटांत बाहेर आली. "मला नकोय, आई. भीती वाटते म्हणून नाही. मला दुधाची भूक कधी लागलीच नाही. तुला लागली होती."

तिनेच माझा हात धरला. नऊ वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.